ड्रमरचा एक तरी फोटो काढा रे

सकाळी परवाच्या फेस्टिव्हलचा अल्बम बघत होते. एका बँडचे ६४ फोटो. गायक केस उडवताना, गायक गुडघ्यांवर, गिटारवाला आभाळाकडे बघताना, बासवाला, परत गायक. गायकाच्या बुटांचासुद्धा क्लोजअप आहे. ड्रमर एकाही फोटोत नाही. खाली त्या पोरानेच कमेंट टाकली आहे, "मीपण होतो हां स्टेजवर," आणि पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याने मला सकाळपासून दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

कारण मला काकू आठवल्या.

२०१३. पुण्यात हडपसरला अमानोरात एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल. संध्याकाळ, अजून पूर्ण अंधार पडायचा होता. पिटमध्ये, म्हणजे स्टेज आणि कठड्याच्या मधल्या त्या अरुंद पट्टीत, मी लेन्स बदलत होते. कठड्याला टेकून एक काकू उभ्या. सुती साडी, कानात कापसाचे बोळे, हातात पाण्याची बाटली. मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या फोटोत आमचा येईल ना? तो मागे बसतो." मी म्हटलं, "येईल की काकू." किती सहज म्हटलं!

घरी येऊन बघितलं. २१२ फ्रेम. त्यात त्यांचा मुलगा तीनदा. एकात तोंडावर झांज, एकात गायकाच्या कोपराआड अर्धं कपाळ, आणि एकात फक्त हात. हवेत उचललेला हात आणि स्टिक.

आता तुम्ही म्हणाल, ड्रमरचा फोटो काढणं अवघड असतं. असतं, मान्य. स्टेज पाच-सहा फूट उंच, आपण खाली, मधे मॉनिटर म्हणजे बँडकडे तोंड केलेले स्पीकर, माइकचे स्टँड, त्यामागे रायझरवर, म्हणजे ड्रमच्या चौथऱ्यावर तो, आणि त्याच्या तोंडासमोर त्याच्याच झांजा. सगळे लाइट गायकावर, याच्या वाट्याला मागचा लाल एलईडी आणि धूर. तो लाल रंग कॅमेऱ्यात असा फुटतो की नाक-डोळे एक होतात. पण अवघड आहे म्हणून ६४ पैकी शून्य? तुम्हाला पास देऊन तिथे उभं केलंय ते काय सोपे फोटो काढायला?

आणि फोटोग्राफरांसाठीचा तो तीन गाण्यांचा नियम! जगभर तेच, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर व्हा. अरे, पहिल्या तीन गाण्यांत ड्रमर अजून तापतोय. त्याचा सोलो कधी पहिल्या तीन गाण्यांत ऐकलाय? शर्ट घामाने चिकटतो, डोळे मिटतात, तो सगळ्या बँडला खांद्यावर घेतो, तेव्हा आपण मागे फूड स्टॉलपाशी उभे असतो. पैसे मोजून आलेल्या लोकांसमोर वीस फोटोग्राफर शेवटपर्यंत नाचवता येणार नाहीत, हे कळतं मला. बरं, एकाला तरी शेवटच्या गाण्याला परत आत सोडा.

१९६९ चं वुडस्टॉक, अमेरिकेतला तो गाजलेला फेस्टिव्हल. सँटाना बँडचा ड्रमर मायकल श्रीव्ह, वय वर्षं वीस. आज त्याचा तो सोलो जगाला पाठ आहे, कारण माहितीपटाच्या कॅमेऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर थांबायचं ठरवलं. उलट निको मॅकब्रेन, आयर्न मेडन या बँडचा ड्रमर. २००७ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन बघायला मी पुण्याहून बसने गेले होते. दोन तासांत तो माणूस मला तुकड्या-तुकड्यांतच दिसला, इतका अवाढव्य सेट. ४२ वर्षं त्याने त्या बँडला ठोका दिला आणि २०२४ च्या डिसेंबरात दौरे थांबवले. माझ्याकडे त्याची आठवण म्हणजे काठ्यांची दोन टोकं.

आपल्याकडे असं नव्हतं हो. सवाईत तबलजी गायकाच्या शेजारी, त्याच बैठकीवर बसतो. झाकीरभाई म्हटलं की केस, बोटं, हसू, सगळं डोळ्यांसमोर येतं. ठेका धरणाऱ्याचं तोंड बघायची आपल्याला सवय आहे. मग रॉकच्या स्टेजसमोर गेल्यावर ती कुठे जाते?

काकूंना काय पाठवायचं, हे मला तेव्हा दोन दिवस कळत नव्हतं. शेवटी तो हाताचा फोटो मोठा छापून दिला, माफी मागून. रात्री त्यांचा फोन आला. "हात त्याचाच आहे गं. अंगठ्याची ती पट्टी मीच बांधली होती निघताना."

त्यानंतर मी शिकले. उजव्या हाताने वाजवणारा असेल तर पब्लिककडून बघताना स्टेजच्या उजव्या टोकाला जायचं, तिथून हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) आणि क्रॅश (जोरात वाजवायची मोठी झांज) यांच्या फटीतून चेहरा मिळतो. कॅमेऱ्यात अॅपर्चर २.८, आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग. आणि मोजायचं. एक, दोन, तीन, चार. क्रॅश बहुतेक वेळा 'एक'वर पडतो, म्हणजे हात वर जातो तो 'चार'नंतर, तिथेच बोट दाबायचं. एवढंच आहे. तीन गाण्यांतलं अर्धं गाणं पुरतं. अर्धं गाणं द्यायला जड जातं का आपल्याला?

सकाळी रागात लिहायला बसले होते, आता राग नाही राहिला. त्या अल्बमवाल्या पोरांनाही पहाटेपर्यंत जागून फोटो द्यावे लागले असतील. पण ती कमेंट मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

त्या ड्रमरला मेसेज केलाय. पुढचा शो कुठेही असू दे, मी येते, पैसे नकोत. फक्त तो पुढचा क्रॅश चार बोटं खाली घे, आणि आई येणार असेल तर तिला उजव्या टोकाला, माझ्या मागे उभं कर.