पहिली कादंबरी, साभार परत आणि न आलेले उत्तर

मराठवाड्यात पहिली कादंबरी लिहून बसलेल्या माणसांची संख्या आपल्याला वाटते त्याहून बरीच मोठी आहे. त्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, आडतीवर हिशेब लिहिणारे आहेत आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेची वर्षे घालवून गावी परतलेली मुलेही आहेत. अंबाजोगाईत आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा नवे लेखन ऐकायला बसतो. तेथे हल्ली लेखनापेक्षा एकाच प्रश्नावर जास्त बोलणे होते, तो म्हणजे हे बाड आता पाठवायचे कोणाकडे आणि पाठवल्यावर काहीच कळले नाही तर करायचे काय. नवलेखक नकार पचवू शकतो, हे मी अनेकांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. त्याला आतून पोखरते ते उत्तरच न येणे, आणि त्या अवस्थेतल्या माणसाला गाठून त्याच्याकडून पैसे काढण्याचा जो व्यवहार आपल्याकडे बोकाळला आहे, त्याबद्दल कोणीतरी स्वच्छ बोलायला हवे.

आधी प्रकाशकाची बाजू समजून घ्यावी लागेल. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये मध्यस्थ संस्थांची परंपरा जवळजवळ नाही, त्यामुळे प्रत्येक बाड थेट प्रकाशकाच्याच टेबलावर जाऊन पडते. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच प्रकाशन संस्था बाहेरून नाव मोठे दिसले तरी आत चार-सहा माणसांवर चालतात, आणि बाड वाचणारा परीक्षक बहुधा आपली नोकरी सांभाळून हे काम करतो. अनोळखी लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती पाचशे किंवा फार तर हजार प्रतींची निघते. कागद, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, बांधणी आणि विक्रेत्याची सवलत हा सगळा खर्च प्रकाशकाने आधी करायचा आणि तो वसूल व्हायला काही वर्षे थांबायचे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे गावोगावी पसरले आणि मराठी प्रकाशनाला मोठा आधार मिळाला खरा, पण ग्रंथालयांची खरेदी अनुदानावर चालते आणि अनुदान रखडले की पहिला फटका नव्या लेखकालाच बसतो. म्हणून नकार आला म्हणजे आपल्या लेखनात दम नाही असे लगेच धरून चालू नये. पुष्कळदा तो निव्वळ हिशेबाचा नकार असतो.

मात्र लेखनाविषयी खरे काही सांगणारा नकार हाती आला, तर त्याच्याइतकी मोलाची गोष्ट नाही. आमच्या बैठकीत येणाऱ्या केज तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने ऊसतोडीवर कादंबरी लिहिली आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, दिवाळीनंतर रिकामे होणारे गाव, फडाशेजारच्या कोप्या आणि मागे आजीजवळ राहिलेली मुले हे सगळे तिने लहानपणापासून अनुभवलेले आहे. एका प्रकाशनाने तिचे बाड साभार परत पाठवले, पण सोबत परीक्षकाने हाताने लिहिलेला अर्ध्या पानाचा कागद होता. पहिली साठ पाने गावाची ओळख करून देण्यात जातात, कादंबरी खरी सुरू होते ती नायिका फडावर उतरते तेव्हा, आणि मुकादम प्रत्येक प्रसंगात सारखाच दुष्ट असल्यामुळे त्याची भीती वाटेनाशी होते, असे त्यात लिहिले होते. शेवटी पान क्रमांक देऊन एका प्रसंगाचा उल्लेख होता. त्यात पहाटे भरलेली गाडी निघून गेल्यावर ती बाई थंड पडलेल्या चुलीशेजारी बसून उचलीतले किती फिटले याचा हिशेब बोटांवर मांडते. या पानासारखे बाकीचे लिहा, असे परीक्षकाने सुचवले होते. ती दोन-तीन आठवडे नाराज होती. नंतर तिने पहिल्या साठ पानांतली बारा ठेवली आणि मुकादमाला लेकीच्या लग्नासाठी स्वतःच कर्जात अडकलेला माणूस केला. दुसरा खर्डा आम्ही ऐकला तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ती कादंबरी अजून छापलेली नाही, सध्या ती दुसऱ्या एका प्रकाशकाकडे आहे.

मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांबरोबर खर्ड्यांवर किती चिकाटीने काम केले हे मराठी वाचकाला माहीत आहे. तेवढा वेळ आज प्रत्येक संस्थेने द्यावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही, पण त्या अर्ध्या पानासारखे काही देता आले तर लेखकाची पुढची दोन वर्षे वाया जात नाहीत.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. बाड मिळाल्याची पोच नसते, फोन केला की ‘वाचायला दिले आहे’ एवढेच कळते, आणि काही महिन्यांनी तो फोन उचलला जाणेही थांबते. 2020 मध्ये धाराशिवला आणि 2022 मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांपुढे पिशवीत बाड घेऊन उभी असलेली तरुण मुले मी पाहिली. गाळ्यावरचा माणूस विक्रीच्या धांदलीत असायचा आणि बाड पुस्तकांच्या खोक्यावर ठेवून घ्यायचा. त्या मुलांना मला सांगावेसे वाटते की संमेलनात प्रकाशकाची ओळख करून घ्या, त्याच्या पुस्तकांची सूची मागून घ्या, पण बाड तेथे देऊ नका.

याच वाट पाहण्याच्या काळात दुसऱ्या प्रकारचा फोन येतो. आवाज आदबशीर असतो, कादंबरी न वाचताच तिचे कौतुक होते आणि मग दर सांगितला जातो. छपाईचा खर्च लेखकाने द्यायचा किंवा तीनशे प्रती स्वतः विकत घ्यायच्या, आणि त्याबदल्यात आयएसबीएन क्रमांक (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), प्रकाशन समारंभ आणि कधी कधी एखादा पुरस्कारसुद्धा मिळणार. प्राध्यापकांच्या पदोन्नतीत आयएसबीएन असलेल्या पुस्तकांना गुण मिळू लागल्यापासून या व्यवहाराला बळ आले, आणि त्याच जाळ्यात आता हाडाचे लेखकही सापडत आहेत. सोयाबीनची पट्टी हातात आल्याबरोबर ती रक्कम अशा प्रकाशकाच्या खात्यावर भरलेला एक कादंबरीकार माझ्या परिचयाचा आहे. त्याच्या घरी माळवदाखालच्या खोलीत प्रतींचे गठ्ठे सुतळीसकट पडून आहेत, कारण विक्री करणे हे त्या प्रकाशकाच्या कामात कधी नव्हतेच. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. पण मग छापखाना, कागद आणि किंमत आपण ठरवावी आणि सगळ्या प्रती आपल्या मालकीच्या असाव्यात. आयएसबीएन क्रमांकासाठी तर कोणाला एक रुपयाही देऊ नये. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो विनामूल्य देते आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो.

करारपत्राकडेही आपले लोक संकोचापोटी पाहत नाहीत. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखक हाच आपल्या कृतीचा पहिला मालक असतो, आणि हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात न वापरणाऱ्याकडून तो परत लेखकाकडे येतो. पुस्तक निघते आहे या आनंदात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा मजकुराखाली सही करणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असले पाहिजे.

सरळ मार्गही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे आणि तीत कादंबरीचाही समावेश आहे. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आपल्याच भागातले नियतकालिक आहे. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा अजून टिकून आहे, आणि कादंबरीतले एखादे स्वयंपूर्ण प्रकरण अशा अंकात छापून आले की प्रकाशकाला लिहायच्या पत्रात सांगण्यासारखे काही हाती असते.

पाठवताना आधी त्या प्रकाशकाची सूची वाचावी. जो फक्त अनुवाद आणि चरित्रे काढतो त्याला कादंबरी पाठवून दोघांचाही वेळ घालवू नये. एका पानाचे पत्र, एका पानाचा गोषवारा आणि युनिकोडमध्ये टंकलेली पहिली तीन प्रकरणे एवढे पुरते, संपूर्ण बाड मागितल्यावर द्यावे. गोषवाऱ्यात शेवट लपवू नये. हस्तलिखिताची एकुलती एक प्रत तर कधीच टपालात टाकू नये. आपली भाषा फार बोली आहे, ती प्रमाण करून द्या, अशी सूचना मराठवाड्यातल्या लेखकाला हमखास येते. तिच्यापुढे लगेच मान तुकवू नये आणि लगेच चिडूही नये. प्रसंग नीट उभा राहिला असेल तर नागपूरच्या आणि रत्नागिरीच्या वाचकालाही आपली बोली कळते. तो उभा राहिला नसेल, तर भाषा बदलूनही काही साधणार नाही.

प्रकाशकांकडे माझी मागणी छोटी आहे. आपण सध्या नव्या लेखकाची कादंबरी वाचायला घेतो की नाही, घेत असू तर कोणत्या स्वरूपात, आणि किती महिन्यांत उत्तर गेले नाही तर नकार समजावा, एवढ्या तीन गोष्टी आपल्या संकेतस्थळावर आणि फेसबुक पानावर लिहून ठेवाव्यात. त्याला खर्च येत नाही. ज्या प्रकाशकांनी असे आधीच लिहून ठेवले आहे त्यांची नावे या पोस्टखाली जरूर द्या. पुढच्या बैठकीत मी ती यादी सर्वांना वाचून दाखवणार आहे.