मुंगूस सर्पगंधा खाऊन विष उतरवत नाही

‘नाग चावला की मुंगूस रानात पळतं, सर्पगंधेची मुळी चघळतं आणि परत लढायला येतं. माणसालाही काढा पाजा, विष उतरतं.’ पावसाळा लागला की हा मजकूर फिरू लागतो. त्यामुळे जीव जातात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासू.

‘मुळीमुळे मुंगूस वाचतं.’ त्याला मुळी लागतच नाही. नागाच्या विषातलं न्यूरोटॉक्सिन, म्हणजे चेतासंस्थेवर काम करणारं विष, स्नायूंवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरला, म्हणजे चेतातंतूचा निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटतं. मग चेतातंतूचा निरोप स्नायूला मिळत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मुंगसाच्या रिसेप्टरवर, विष चिकटतं नेमक्या त्याच जागी, काही अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) वेगळी आहेत आणि शर्करेची एक साखळी आडवी येते. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही असाच अडसर असतो. मुंगसाला हे जन्मतः जनुकांतून मिळतं, काढ्यातून ते माणसात उतरणार कसं? आणि हे संरक्षणही अमर्याद नाही: विष भरपूर गेलं तर मुंगूसही मरतं.

‘सर्पगंधा औषधी आहे.’ आहेच, पण रक्तदाबावर. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तो उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये मुळीतून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. विष निष्प्रभ करण्याशी त्याचा संबंध नाही.

‘काढ्याने अपाय तर होत नाही ना?’ होतो. मुळीने गुंगी येते. पापण्या जड होणं हे नाग-मण्यारच्या दंशाचं पहिलं ठळक लक्षण; गुंगीत ते ओळखू येत नाही. घशाचे स्नायू लुळे पडत असताना पाजलेलं पातळ काहीही फुप्फुसात जाऊ शकतं. घोणस चावल्यावर रक्तदाब आधीच कोसळू शकतो, त्यात तो उतरवणारी मुळी! आणि काढा उकळण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

करायचं ते इतकंच: अंगठ्या, बांगड्या काढा. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, घट्ट आवळू नका, चिरा देऊ नका. रुग्णाला चालवू नका. थेट रुग्णालय गाठा. तिथे विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिसर्पविष, म्हणजे सापाचं विष निष्प्रभ करणारं औषध, शिरेतून देतात, सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही.