‘ठाण्यात जाऊन उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचं सार असं: तालुक्याचं पोलीस ठाणं म्हणजे नुसता बोर्ड. गुन्हा हद्दीबाहेरचा असला की हाकलून देतात, माणूस हरवला तर 24 तास थांबा म्हणतात, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि ती रद्दीत जाते, बांधाच्या भांडणात पैसे खाऊन गप्प बसतात, 112 या मदत क्रमांकाची गाडी शहरातच फिरते, ऑनलाइन पैसे गेले तर जिल्ह्याला जा म्हणतात. शेवटी सल्ला: ठाण्याची पायरी चढू नका, पुढाऱ्याला फोन लावा.

यातला राग खोटा नाही. सल्ला मात्र तक्रारदाराचंच नुकसान करणारा आहे. पुढाऱ्याच्या फोनने साहेब खुर्चीवरून उठतील, पण कोणत्याही वहीत ओळ उमटत नाही. आणि पुढं कोर्टात, विम्याला, तहसीलला ती ओळच लागते.

म्हणून आधी वह्यांचं बघू. तुम्ही ठाण्यात गेलात की ठाणे अंमलदार तुमचं म्हणणं कुठं नोंदवतो, यावर पुढचं सगळं ठरतं. कागदावर ‘मेहेरबान पोलीस निरीक्षक साहेब’ असा मायना घालून अर्ज दिला, तर तो आवक नोंदवहीत चढतो आणि बीट अंमलदाराकडे ‘अर्ज चौकशी’ म्हणून जातो. हा गुन्हा नव्हे. शिवीगाळ, दमदाटी, साधी मारहाण असेल तर अदखलपात्र, म्हणजे एनसी; यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा असेल, तर फिर्याद आणि गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं. मृत्यूचं असेल तर अकस्मात मृत्यू, माणूस बेपत्ता असेल तर मिसिंग. आपल्याकडचे निम्मे गैरसमज अर्जाला फिर्याद समजण्यातून होतात. ‘केस केली’ म्हणून माणूस घरी जातो आणि हातात असते फक्त अर्जाची पोहोच. निघताना एकच विचारायचं: कशात नोंद झाली आणि नंबर काय?

आता मेसेजचे मुद्दे.

‘हद्दीबाहेरचा गुन्हा घेत नाहीत.’ हा दावा मराठवाड्यात सगळ्यात जास्त नडतो, कारण इथली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. बीड, धाराशिव, जालन्याकडची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. तिथं मारहाण झाली, बाईवर अत्याचार झाला, आणि कुटुंब कसंबसं गावी परत आलं, तर गुन्हा कुठं? गावच्याच ठाण्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्टच लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवायची. याला शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. नोंद इथं होते, कागद तिकडच्या ठाण्याला जातात, तपास तिकडं होतो.

गाडं अडतं ते याच्या पुढं. कागद गेले की तक्रारदाराला वाटतं काम झालं. तिकडं गुन्ह्याला नवा गु.र.नं. पडतो आणि तो तक्रारदाराला कळतच नाही. म्हणून कोणत्या ठाण्याला पाठवलं, जावक क्रमांक आणि तारीख काय, हे लिहून घ्यायचं आणि आठवड्याभरात तिकडं फोन करून नवा नंबर मागायचा. फिर्यादीत कारखान्याचं नाव, फड कोणत्या गावच्या शिवारात, कोप्या (मजुरांच्या झोपड्या) कुठं होत्या, मुकादमाचं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं नाव, वाहनाचा नंबर हे सगळं आलं पाहिजे. ‘कारखान्यावर असताना’ एवढ्यावर तिकडचा तपासी अंमलदार काहीच करू शकत नाही. आणि जखम असेल तर वैद्यकीय तपासणी इथंच, त्याच दिवशी. तिकडं कागद पोचेपर्यंत वळ राहत नाहीत.

यातलाच पोटमुद्दा उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचा. उचल किती फिटली, किती राहिली, हा हिशेब पोलीस करत नाहीत, आणि मुकादमाला वसूल करून देणं हे तर त्यांचं कामच नाही. पण उचलीपोटी माणसाला डांबून ठेवलं तर तो दखलपात्र गुन्हा आहे, शिवाय 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहेच. हिशेबाचं भांडण सांगत बसलात तर एनसीसुद्धा होणार नाही. डांबल्याचं सांगितलंत तर गुन्हा होतो. दोन्ही खरं असेल तर आधी दुसरं सांगा.

‘माणूस हरवला तर 24 तास थांबावं लागतं.’ असा नियम नाही. मिसिंग लगेच दाखल होते. हरवलेलं मूल 18 वर्षांच्या आतलं असेल तर मिसिंगवर थांबायचंही नाही, थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाईल नंबर आणि शेवटचं बोलणं कोणाशी झालं एवढं घेऊन जा. माणूस परत आला की तेही ठाण्यात कळवा. लोक हे विसरतात.

‘एनसी म्हणजे केराची टोपली.’ इथं मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचा दोष ठाण्याच्या माथी मारलाय. त्याच संहितेच्या कलम 174 प्रमाणे अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. तो आदेश मिळवायला तक्रारदाराने कोर्टात जायचं असतं, आणि एनसीच्या प्रतीवर तशी समजही दिलेली असते, बारीक अक्षरात.

पण एनसी आणि गु.र.नं. यांच्यातली रेघ कुठं आहे हे कळलं तर बरंच हातात राहतं. साधी दुखापत अदखलपात्र. हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला, किंवा जखमी माणूस 15 दिवस आपली रोजची कामं करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत, दखलपात्र. पूर्वी ही मुदत 20 दिवसांची होती. कोयता, कुऱ्हाड, विळा वापरला असेल तर जखम साधी असली तरी दखलपात्र. म्हणजे निकाल बहुतेक वेळा दवाखान्यात लागतो. ठाण्यातून वैद्यकीय तपासणीची यादी (पोलिसांचं पत्र) घेऊन ग्रामीण रुग्णालयात जायचं, डॉक्टरला प्रत्येक दुखरी जागा दाखवायची, हाताला सूज असेल तर एक्स-रे मागायचा. ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी एक्स-रे होत नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायची. चार दिवसांनी फ्रॅक्चर निघालं तर ते सर्टिफिकेट ठाण्यात नेऊन द्या. एनसीचा गुन्हा होतो. हे कोणी आपणहून सांगत नाही. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं, हेही कलम 174 मध्येच आहे.

चोरीचंही तसंच. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. विहिरीवरची केबल कापून नेली आणि तुम्ही ‘वायर गेली, हजार-दोन हजाराची असेल’ म्हणालात की एनसी झालीच. त्याच रात्री स्टार्टर, फ्यूज पेटी, मोटारही गेली असेल तर सगळं एकाच फिर्यादीत, बिलासह, आजच्या बाजारभावाने सांगायचं. किंमत फुगवू नका, पंचनाम्यात उघडी पडते. आणि सामान कुलूपबंद खोलीतून किंवा गोदामातून गेलं असेल तर किमतीचा प्रश्नच येत नाही. माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी वेगळ्या कलमात बसते आणि दखलपात्र असते. बांधावरून गेलं की शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीतून, हा तपशील म्हणून महत्त्वाचा.

उरलेल्या एनसींचाही उपयोग आहे. एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन एनसी जमल्या की ठाणं त्याच्यावर प्रतिबंधक कारवाईचा प्रस्ताव कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदाराकडे पाठवू शकतं. गावात अजून ‘107 लावली’ किंवा ‘चॅप्टर केस’ म्हणतात; नव्या संहितेत ते कलम 126 आहे. शांतता राखण्याचं बंधपत्र एक वर्षापर्यंत घेता येतं. एनसीच नोंदवली नसेल तर प्रस्तावाला आधार काय देणार?

‘बांधाच्या भांडणात पोलीस विकले जातात.’ विकले जात असतीलही एखाद्या ठिकाणी, पण बांध कुठं आहे हे ठरवायचा अधिकार फौजदाराला नाही, आणि त्याने ठरवूही नये. हद्दीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणी. अडवलेल्या वहिवाटीच्या रस्त्यासाठी तहसीलदारापुढं मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दावा. नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. पोलिसांचं काम मारामारी होऊ न देणं आणि मोजणीच्या दिवशी बंदोबस्त देणं. बंदोबस्त मात्र आधी मागावा लागतो. मोजणीची तारीख लागली की नोटिशीची प्रत जोडून ठाण्यात अर्ज द्या. इथं अर्जच योग्य, फिर्याद नव्हे. तुळजापूरचं नवरात्र, माळेगावची यात्रा अशा दिवसांत आसपासच्या ठाण्यांतली माणसं तिकडं जातात, तेव्हा मोजणीसाठी शिपाई मिळणं अवघड. तारीख घेतानाच हे बघितलेलं बरं.

‘112 शहरासाठी आहे.’ महाराष्ट्रात 112 ही यंत्रणा 2021 मध्ये सुरू झाली. तुमचा फोन तालुक्याच्या ठाण्यात वाजत नाही. तो उचलला जातो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून ठाण्याच्या गाडीतल्या स्क्रीनवर. खेड्यातली गाडी उशिरा येण्याची दोन कारणं आहेत. एक अंतर: शेवटचं गाव ठाण्यापासून 25-30 किलोमीटर असणं आपल्याकडं नवल नाही, आणि गाडी दुसऱ्या टोकाला असू शकते. हे मेसेजने म्हटलं असतं तर आम्ही मान डोलावली असती. दुसरं कारण पत्ता. ‘मारुतीच्या पारापाशी या’ हे नवी मुंबईत बसलेल्या माणसाला कळत नाही. पिंपळगाव, वडगाव, धानोरा या नावांची गावं कितीतरी आहेत. क्रम असा ठेवा: जिल्हा, तालुका, गाव, मग तांडा किंवा वस्ती, मग कोणत्या रस्त्याने किती आत. त्यानंतर काय चाललंय आणि किती माणसं. फोन ठेवल्यावर तोच नंबर मोकळा ठेवा, गाडीतला अंमलदार त्याच नंबरवर रस्ता विचारतो. बहुतेक लोक नेमके तेव्हाच पाहुण्यांना फोन लावत बसतात.

‘ऑनलाइन पैसे गेले तर जिल्ह्याला जा म्हणतात.’ म्हणतात खरं, आणि त्यामागं अर्धवट कारणही आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे त्या कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. छोट्या ठाण्याचा प्रभारी बऱ्याचदा सहायक पोलीस निरीक्षक असतो. पण हे तपासाचं झालं, गुन्हा दाखल करण्याला त्याने अडत नाही. शिवाय पहिली धाव ठाण्याकडे घ्यायचीच नाही. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पैसे गेल्याबरोबर. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, बँक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत ती खाती गोठवणं एवढाच या फोनचा हेतू, म्हणून उद्या करू म्हणून चालत नाही. मिळालेला पोचक्रमांक घेऊन मग ठाण्यात.

मेसेजमध्ये नसलेलं, पण तालुक्याच्या ठाण्याचं खरं मोठं काम म्हणजे अकस्मात मृत्यूचे कागद. साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख रुपये आहेत, आणि फाईल अडते ती पंचनाम्यातल्या नावावरून. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि पंचनाम्यात गावात हाक मारायचं तिसरंच. पंचनामा लिहीत असताना घरच्या एका शुद्धीवरच्या माणसाने आधार आणि सातबारा घेऊन उभं राहावं. सर्पदंश असेल तर दंशाची जागा पंचनाम्यात आणि शवविच्छेदन अहवालात सारखी आली पाहिजे. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्याचा अहवाल न्यायसहायक प्रयोगशाळेतून येतो. त्यासाठी ठाण्यात खेटे घालून उपयोग नाही, नमुना कधी आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेला एवढं विचारा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा मृत्यू झाला असेल तर पंचनाम्याला दंडाधिकारी यावा लागतो, तोवर प्रेत हलवत नाहीत. त्या वेळी ‘पोलीस मुद्दाम थांबवतायत’ म्हणून दगड उचलले जातात.

एवढं करूनही दखलपात्र गुन्हा नोंदवत नसतील तर? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात असा गुन्हा नोंदवणं बंधनकारक ठरवलंय. अपवाद एक ध्यानात ठेवा: 3 वर्षांपासून 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर दर वेळी टोलवाटोलवी नसतं. पंधराव्या दिवशी मात्र असतं. मग लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) चा उल्लेख करून. पोस्टाची पावती जपून. तिथंही हललं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे, कलम 175(3). अधीक्षकांकडे न जाता थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथंच अडतो.

आणि पैशाचं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची असते, तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं, पंचनाम्याला जायला गाडी पुरवणं हे फिर्यादीचं काम नाही. कोणी मागितलं तर देण्याआधी 1064 ला फोन करा, दिल्यावर नव्हे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी मागणीची पडताळणी करतो आणि मगच सापळा लावतो. त्याची परिक्षेत्र कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत.