गाडलं की झालं!

जमिनीखालच्या पाइपाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो दिसत नाही. घर बघायला आलेला माणूस फरशी बघतो, नळ पिरगाळून बघतो. मैलापाण्याच्या लाइनला ढाळ किती दिलाय, असं कुठल्या पाहुण्यानं कधी विचारलंय? तेव्हा तिथं डोकं घालू नका.

ढाळाचंच घ्या. 110 मिमीच्या पाइपाला मीटरमागे साधारण 2 सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे 15 मीटरच्या चरात 30 सेंटिमीटर. एवढं कोण मोजत बसणार? एक डोळा मिटून चराच्या टोकाकडं बघायचं आणि म्हणायचं, "आहे की उतार!" लेव्हल ट्यूब, म्हणजे दोन टोकांची पातळी दाखवणारी पाणी भरलेली नळी, पिशवीतच राहू द्या. तिच्यातलं पाणी कुणाची भीड ठेवत नाही, उगाच चारचौघांत पाणउतारा व्हायचा. मधे पाइपाला पोट आलं तर येऊ दे. त्यात थोडं पाणी कायम साचेल, मैला तळाला बसेल, वर साबणाचा नि तेलकटाचा थर चढेल आणि एक दिवस सगळं घट्ट होईल. पण तो दिवस आज नाही ना?

वळण काटकोनातच घ्या. 45 अंशांचे दोन बेंड लावले तर पाणी सुरळीत वळतं, पण एक जोड वाढतो. वळणावर लाइन उघडून साफ करायचं चेंबरही नको, झाकणानं अंगणाची शोभा जाते. बांधून झालंच असेल तर वरून फरशी बसवून टाका.

जोड करताना पाइपाचं टोक पुसू नका. चिकटवायच्या सोल्यूशनखाली थोडा चिखल असला की जोड कसा मातीशी एकरूप होतो.

पिण्याच्या पाण्याची लाइन त्याच चरात घाला, मैल्याच्या लाइनला खेटून, जमल्यास तिच्याखालून. जाणकार ती वर आणि लांब ठेवायला सांगतात. त्यांचं म्हणणं, पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब उतरतो आणि सैल जोडातून बाहेरची ओल आत ओढली जाते. असे संशयी लोक सगळीकडं असतात.

पाणी भरून, दाब देऊन जोड तपासायचे ते चर बुजवायच्या आधी. तुम्ही आधी बुजवा. पाइपाखाली वाळूची गादी कशाला? चरातून निघालेले टोकदार दगडच परत लोटा.

(एवढं मात्र थट्टेत घेऊ नका. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. खोल चरात कडांना टेकू दिल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.)

आणि चर उघडा असताना फोटो काढू नका, भिंतीपासूनची अंतरं टिपू नका. पुढं कधीतरी न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं वर येईल. पहार घेतलेला मिस्त्री विचारेल, "लाइन कुठून गेलीय?" तुम्ही हात अंगणभर फिरवून सांगायचं, "इथूनच कुठंतरी." तो तिसरी फरशी फोडेल, चौथी फोडेल आणि पाचवीखालून स्वच्छ पाण्याचं कारंजं उडेल.

चला, एक लाइन तर सापडली.