"नुसता वाळलाय" म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली, मगच लिहायला बसलोय. थेंब सावकाश वाळताना त्यातले तांब्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) आपोआप ओळीत बसतात, म्हणजे सेल्फ-असेंब्ली होते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "याला सेल्फ-असेंब्ली म्हणू नका, थेंब नुसता वाळलाय, लेखकाने कुठेतरी वाचून लिहिलेलं दिसतं."

शंका जरूर घ्या, माझी हरकत त्या "नुसता"ला आणि "वाचून लिहिलेलं"ला आहे. सहा वर्षं मी हेच काम केलंय हो. कॉपर नायट्रेट, भरपूर कॉस्टिक सोडा आणि एथिलिनडायअमाइनचं ते गडद निळं द्रावण हायड्राझिन (क्षारातून तांबं मोकळं करणारं रसायन) पडल्यावर कसं फिकं होत जातं, नंतर गरम ठेवल्यावर वर तांबूस तवंग कसा धरतो, आणि त्या तवंगात सगळ्या तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा असतात, हे मी फ्यूम हूडसमोर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर) उभं राहून बघितलंय. धुताना हवा लागून काळपट झालेल्या बॅचेसही मीच टाकल्यात. कुणाला न ओळखता असं बोलायची ही कुठली पद्धत?

आता वाळण्याचं. थेंब उघड्यावर वाळतो तेव्हा कडेला द्रव लवकर उडतो, मधला द्रव तिकडे ओढला जातो, कणही त्याच्याबरोबर जातात आणि कडेला कडं उरतं. याला मीही असेंब्ली म्हणत नाही. पण कणांवर ओलेइलअमाइनचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं आवरण असलं आणि ज्यात कण तरंगतात ते हेक्झेन सावकाश उडू दिलं की कण हळूहळू जवळ येतात, व्हॅन डर वाल्स बल (कणाकणांमधलं क्षीण आकर्षण) त्यांना ओढतं, त्या लांब साखळ्या त्यांना चिकटू देत नाहीत, आणि दोनएक नॅनोमीटरची फट राखून प्रत्येक कणाभोवती सहा कण बसतात. कुणी हाताने बसवत नाही, म्हणूनच तो शब्द.

मी एकाच बाटलीतले दोन थेंब मायक्रोस्कोपच्या दोन बारीक जाळ्यांवर टाकले होते, एक उघडा, एक झाकणाखाली. मायक्रोस्कोपखाली उघड्यात ढीग आणि कडं, झाकलेल्यात ओळीच्या ओळी. मग लहानमोठे कण मिसळलेली दुसरी बाटली घेतली, तेच झाकण, तेवढाच वेळ, तरी ओळी नाहीत, कारण आकारात पाच-दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की रचना जमतच नाही. वाळले तिन्ही थेंब, मग फरक आला कुठून? याचं उत्तर द्या आणि मग "नुसता" म्हणा.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. एथिलिनडायअमाइन तारेच्या बाजूंना चिकटून तिला जाड होऊ देत नाही असं मी लिहिलं होतं, ते जुनं स्पष्टीकरण आहे. 2017 च्या कामात दिसलं की ते टोकाच्या 111 पृष्ठाला (स्फटिकाच्या एका विशिष्ट बाजूला) ऑक्सिडेशनपासून वाचवतं, म्हणून टोक वाढत राहतं. धन्यवाद.

"तांबं कशाला, चांदी घ्या" यावर काय बोलू, रोधकता 1.68 आणि 1.59 मायक्रोओहम-सेंटिमीटर, एवढ्याशा फरकासाठी? आणि लाल रंग क्युप्रस ऑक्साइडचाही असू शकतो, एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायची चाचणी) कुठंय, वगैरे, तो लेखाचा विषयच नव्हता. काळी पडलेली बॅच ओळखायला मला ग्राफ लागत नाही.

एथिलिनडायअमाइनचा परिच्छेद आज रात्री बदलतो. "सेल्फ-असेंब्ली" हा शब्द तसाच राहील.