खुलासा: 'ॲन' अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून

दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीतल्या अ, ॲन, द (a, an, the) बद्दल मीच टाकलेला मेसेज आता चिपळूणपासून गुहागरपर्यंत फिरतोय: 'ए, ई, आय, ओ, यू ने शब्द सुरू झाला की ॲन, नाहीतर अ, आणि नावाआधी नेहमी द.' हे चुकीचं आहे, चूक माझीच. काल लेकीने वहीत 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहिलं तेव्हा खटकलं, डिक्शनरी उघडली. स्पेलिंग यू ने सुरू होतं, पण तोंडातून निघतो 'य'. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर'मधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. 'एमएलए' म्हणताना सुरुवात स्वराने, तिथेही ॲन. 'द' समुद्राला, नदीला लागतो: द अरेबियन सी, द वाशिष्ठी. गुहागर मात्र नुसतं गुहागर. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.