सही कोणाची

‘आपली माणसं म्हणजे कंपन्यांचे उंदीर आहेत का?’ अमळनेरच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. निमित्त गावातल्या एका ब्लड कॅन्सरच्या पेशंटचं. केमोनंतर पांढऱ्या पेशी संपल्या, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, मग व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघण्याच्या अभ्यासात, घेऊ का?

मी इंग्लंडमध्ये लीड्सला आयसीयूत रिसर्च नर्स आहे. हेच विचारायचा पगार घेते, म्हणून जास्तच झोंबलं.

आयसीयूतल्या बऱ्याच ट्रायल्स कॅन्सरवाल्यांना दारातच अडवतात. माणूस गेला तर औषधाने गेला, इन्फेक्शनने की कॅन्सरने, हे कसं ठरवायचं? मग इतरांवर तपासलेलं औषध यांना अंदाजाने देतात, आणि तेव्हा कोणी सहीसुद्धा मागत नाही. आता सांग भाऊ, उंदीर कोण?

इकडे पेशंट शुद्धीत नसेल तर जवळचं माणूस सही करतं. तेही नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला डॉक्टर. अगदीच घाई असेल तर औषध आधी, संमती नंतर, अशी सोय २००६ पासून कायद्यात आहे. इकडे कोविडच्या औषधांची रिकव्हरी ट्रायल २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये उत्तर आलं: डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. जळगाव-धुळ्यातही मग तेच दिलं गेलं. तेव्हा कोणाला उंदीर आठवले नाहीत.

‘तिकडे बसून बोलणं सोपं आहे, ताई,’ त्याचं उत्तर आलं.

तसा तो अगदीच चूक नाही. आपल्याकडे ट्रायल्सवरून सुप्रीम कोर्टाला २०१३ मध्ये सरकारचे कान उपटावे लागले, तेव्हा कुठे नियम आवळले. निरक्षर पेशंट असला तर तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. पण फॉर्म छापील मराठीत, आणि घाबरलेली बाई विचार करते अहिराणीत.

मग त्याने लिहिलं, ‘आण्णांच्या वेळी तू काय केलं होतंस?’

आण्णांना लिम्फोमा, म्हणजे लिम्फग्रंथींचा कॅन्सर, होता. आयसीयूच्या बाहेरून आईचा फोन आला, ‘आते (आता) काय करू?’ डॉक्टर ट्रायलचं विचारत होते. माहितीपत्रकाचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले होते. मी ते उघडलेही नाहीत. ‘नको म्हण,’ एवढंच बोलले. नंतर सगळ्यांना सांगितलं, वाचायला वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर एका बाईसमोर तसाच कागद ठेवला. तिने शेवटच्या पानापर्यंत वाचला, दोन प्रश्न विचारले आणि नवऱ्यासाठी सही केली.

चुलतभावाला त्याच्या मेसेजवर दोन निळ्या टिक्स दिसत असतील. उत्तर अजून लिहिलेलं नाही.